घरातला धूर आणि पाहुण्यांचा मान

वाशीम जिल्ह्यातील आमच्या मालेगाव तालुक्यात सोयरीक असो, बारसे असो की तेरवी असो, एक गोष्ट चुकत नाही. पाहुणा ओसरीवर टेकला की पाण्याच्या तांब्यामागोमाग तंबाखू-चुन्याची डबी आणि बिड्यांचा कट्टा त्याच्यापुढे आलाच पाहिजे. न आला तर पाहुण्याचा अपमान आणि घराण्याची अप्रतिष्ठा! घरात भाकरीला पीठ असो वा नसो, डबी रिकामी दिसता कामा नये. या मानाची किंमत कोण देतो, हा आमचा प्रश्न आहे.

किंमत देते घरातली सून, आणि तिचे पाळण्यातले लेकरू. ओसरीवर ओढलेल्या बिडीचा धूर माजघरात येतो. दार उघडे ठेवले म्हणजे तो निघून जातो, ही समजूत खोटी आहे. या धुराने गरोदर बाईचे मूल कमी वजनाचे जन्मते व तान्ह्या मुलास छातीचे विकार जडतात, हे वैद्यकशास्त्राने सिद्ध केले आहे. पण 'मामाजी, बाहेर जाऊन ओढा' असे सुनेने म्हणावे कसे? जेथे डोक्यावरचा पदर सरकला तरी तिला बोल लागतो, तेथे हे शब्द तिच्या तोंडून निघतील काय? २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत देशातील शंभर प्रौढांपैकी सुमारे ३९ जण आपल्याच घरात दुसऱ्याचा धूर सोशीत असल्याचे आढळले, यात नवल ते काय?

सरकारने कायदे केले आहेत. २००३ च्या कायद्याने सार्वजनिक जागी धूम्रपानास आणि अठरा वर्षांखालील मुलास तंबाखू विकण्यास बंदी आहे. २०१२ पासून राज्यात गुटखाबंदी आहे. परंतु धूम्रपानबंदीचा कायदा घराच्या उंबरठ्यापाशी थांबतो. आत राज्य चालते वडीलकीचे. आणि तोच वडील 'जा रे बाळ्या, पुडी घेऊन ये' म्हणून नातवाच्या हातावर नाणे ठेवतो! पोराला पुडी विकणारा दुकानदार गुन्हेगार खराच. पण पोराला त्याच्या दारी धाडणारे कोण?

म्हणे, ही वाडवडिलांची चाल! साफ खोटे. तंबाखू हे मूळचे अमेरिकेतले झाड. पोर्तुगीजांच्या जहाजांतून ते या देशात आले, त्याला सुमारे चारशे वर्षे झाली. ज्ञानोबा-नामदेवांच्या काळी पाहुणचार तंबाखूवाचूनच होत असे, आणि कोणाचा अपमान होत नसे.

दुसरे म्हणणे असे की, कष्टकऱ्याला तेवढाच आधार. भुकेवर औषध भाकरी आहे, आणि भाकरीसाठी पुरती मजुरी हवी. सोयाबीनच्या सोंगणीला मजुरी वाढविण्यापेक्षा चिमूटभर तंबाखू देणे मालकास स्वस्त पडते, हे मजुरांनी ओळखावे. बाई दाढदुखीसाठी म्हणून तंबाखू धरते. दुखणे राहते आणि व्यसन जडते. त्याच पाहणीत महाराष्ट्रातील शंभर स्त्रियांपैकी सुमारे १७ स्त्रिया धूर नसलेली तंबाखू वापरताना आढळल्या. पुरुषाची डबी ओसरीवर मिरवते, बाईची पदराच्या गाठीत लपते. लपविलेल्या व्यसनावर उपाय कोणाला विचारावा?

१८७३ साली जोतीरावांनी सत्यशोधक समाज स्थापिला आणि भिक्षुकावाचून लग्न लागते हे दाखवून दिले. तेव्हाही 'लोक काय म्हणतील' हाच धाक होता. आमच्याच वऱ्हाडातील गाडगेबाबांनी लेकीच्या बारशाला चालीप्रमाणे दारू-मटण न देता गोड जेवण वाढले. आभाळ कोसळले नाही. मग भिक्षुकाची दक्षिणा बंद करणाऱ्यांच्या वारसांनी तंबाखूच्या व्यापाऱ्याला रोज दक्षिणा का द्यावी? व्यासपीठावर जोतीरावांचे नाव आणि गालात तंबाखूची गोळी, असे पुढारी आमच्यातही आहेत. त्यांनी आधी आपला गाल रिकामा करावा.

मेडशी, शिरपूर, जऊळका आणि तालुक्यातील सर्व गावांच्या बांधवांनो, आमचे सांगणे रोखठोक आहे. पाहुण्यापुढे डबी ठेवू नका. गूळ-पाणी द्या, चहा द्या. पोराला पुडी आणावयास धाडू नका. घरात बिडी ओढू नये, हा शब्द सुनेवर न ढकलता घरच्या वडिलानेच उच्चारावा. ज्याला व्यसन सोडवत नाही, त्याच्यासाठी सरकारची १८००-११-२३५६ ही विनाशुल्क दूरध्वनी-सेवा आहे. तेथे विचारण्यात कमीपणा नाही.

आणि सोयरिकीच्या बैठकीत 'आम्हास तंबाखू-बिडी नको' हे वराच्या बापाने आधी बोलावे. मुलीच्या बापास ते बोलण्याची सोय नसते. ज्या गावी अशी बैठक होईल, तेथील मंडळींनी तिची हकीकत आम्हास कळवावी. ती आम्ही आनंदाने छापू.