आलेखावरून बँकेचे भवितव्य?

निपाणी-कोगनोळीच्या परिसरात तंबाखूचा भाव आणि उसाचा दर यांवर जसा खल होतो, तसा तो आता भ्रमणध्वनीवर उमटणाऱ्या शेअरबाजाराच्या आलेखांवरही होऊ लागला आहे. कोकणात व गोव्यात तरी निराळे चित्र कोठे आहे? त्यात गैर काही नाही. परंतु अडचणीत आलेल्या बँकेचा भाव तळाला टेकून किंचित वर वळताच, 'बँक सावरली' असा निर्वाळा त्या रेघेवरून दिला जातो आणि त्या भरवशावर कोणी समभाग घेतो, कोणी ठेव ठेवतो, तेव्हा चार शब्द स्पष्ट सांगणे आम्हास आवश्यक वाटते.

भावात सर्व माहिती उतरलेली असते आणि गर्दीचे वर्तन पुनःपुन्हा त्याच वळणाने जाते, या दोन गृहीतांवर आलेखशास्त्र उभे आहे. सिमेंटच्या कारखान्याचा भाव कोसळला तरी भट्टी जागेवर राहते. बँकेचे तसे नाही. तिचे स्वतःचे भांडवल वाटलेल्या कर्जांच्या मानाने अल्प. शंभरातले दहा-बारा रुपये बुडाले की भागधारकांचा वाटा संपुष्टात येऊ शकतो. शिवाय भाव घसरला म्हणूनच ठेवीदार धास्तावतो आणि पैसे काढून घेतो. येथे ज्वर मोजणारे यंत्रच ज्वर वाढविते!

कोगनोळीवरून जाणाऱ्या पुणे-बंगळूर महामार्गाने उत्तरेस गेले की सातारा लागते. तेथे १९३६ साली स्थापन झालेल्या युनायटेड वेस्टर्न बँकेवर सप्टेंबर २००६ मध्ये स्थगिती आदेश आला. महिन्याभरात ती आयडीबीआयमध्ये विलीन झाली आणि भागधारकांना प्रतिसमभाग २८ रुपये मिळाले. करूरच्या लक्ष्मी विलास बँकेवर १७ नोव्हेंबर २०२० रोजी तोच प्रसंग ओढवला. तिचा समभाग तेव्हा पंधरा रुपयांच्या आसपास होता; दहा दिवसांत बँक डीबीएसकडे गेली आणि भागधारकांच्या पदरी शून्य पडले. येस बँक २०२० च्या मार्चमध्ये स्टेट बँकेच्या आधाराने तगली. पण २०१८ साली चारशेच्या घरात गेलेला तिचा भाव भागधारकांना पुन्हा दिसला नाही. आजारी बँकांचे उतरते आलेख दिसायला सारखेच. निकाल मात्र तीन तऱ्हांचे. तो निकाल बाजारात ठरलाच नव्हता. बँकिंग नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमाखाली रिझर्व्ह बँक आणि केंद्र सरकार यांनी तो ठरविला. त्या बंद दालनातील खल कोणत्या चलसरासरीत उमटणार?

येस बँकेच्या प्रकरणात तर शंभराहून अधिक समभाग असणाऱ्यांचे तीन-चतुर्थांश समभाग तीन वर्षे गोठविण्यात आले. आलेखाने 'विका' म्हटले तरी विकण्याची सोय नव्हती.

समभाग घेणारा जाणूनबुजून जोखीम घेतो. त्याची आम्हास फारशी चिंता नाही. चिंता आहे ती ठेवीदाराची. या तिन्ही बँकांत ठेवी वाचल्या. पण आपल्याकडील पुष्कळांची पुंजी नागरी सहकारी बँकांत आणि पतसंस्थांत आहे, आणि त्यांच्या समभागांना बाजारच नसल्याने आलेखही नाही. म्हापसा अर्बनचा परवाना २०२० साली रद्द झाला, मडगाव अर्बनचा २०२१ साली. दोहोंच्या आधी कोणत्याही पडद्यावर रेघ खाली आली नव्हती. बँकांतील ठेवींना ४ फेब्रुवारी २०२० पासून पाच लाखांपर्यंत विमा आहे, त्यापूर्वी तो एकच लाख होता. पतसंस्थांतील ठेवींना तोही नाही, हे कित्येकांना ठेव अडकल्यावरच कळते.

बँकेची प्रकृती पाहायची तर निव्वळ बुडीत कर्जे किती, भांडवल पर्याप्तता किती, ठेवी वाढतात की आटतात आणि मोठी कर्जे कोणाच्या घरात गेली, हे पाहावे लागते. सहकारी संस्थेच्या सभासदाकडे वार्षिक सभेपूर्वी अहवाल येतो. बहुतेक घरांत तो डब्यांखाली अंथरण्याच्या कामी येतो. निदान त्यातील थकबाकीचे पान आणि लेखापरीक्षकाचा शेरा आधी वाचावा आणि सभेत अध्यक्षांचे भाषण आटोपताच त्यावर प्रश्न विचारावा. अल्पोपाहार त्यानंतरही मिळतो.