‘अहो’ कुणाला, ‘अरे’ कुणाला?

परदेशात मुलाकडे चार-सहा महिने राहून आलेली मराठी मंडळी परतल्यावर एक निरीक्षण हमखास नोंदवतात. तिकडे सकाळी फिरायला निघाले की समोरून येणारा अनोळखी माणूसही हसून अभिवादन करतो, मागून येणाऱ्यासाठी दार धरून उभा राहतो, दुकानातला कामगार सुट्टे पैसे देतानाही आभार मानतो. आणि आपल्याकडे? दहा वर्षे एकाच मजल्यावर राहणारा शेजारी जिन्यात भेटला, तरी मान वर करीत नाही. या निरीक्षणाचा समारोपही ठरलेला असतो : ‘आपल्या लोकांना मॅनर्सच नाहीत.’ त्यावर दुसरा पक्ष तितक्याच तत्परतेने उत्तर देतो. तिकडचे सौजन्य वरवरचे, ‘कसे आहात?’ असे विचारणारा उत्तरासाठी थांबतही नाही. आपल्याकडे शब्द कमी असतील, पण जिव्हाळा खरा आहे. दोन्ही पक्ष आपापल्या जागी समाधानी राहतात आणि मूळ प्रश्नाला हात लागतच नाही.

वस्तुतः ‘पाश्चात्त्य सौजन्य’ नावाची एकसंध वस्तू अस्तित्वात नाही. अमेरिकेत अनोळखी माणसाकडे पाहून हसणे हा रीतीचा भाग आहे. फिनलंडमध्ये बसथांब्यावर अनोळखी माणसाशी उगाच बोलू नये, दोघांमध्ये पुरेसे अंतर राखावे, यालाच सभ्यता मानले जाते. पॅरिसच्या दुकानात शिरताना ‘बोंझूर’ न म्हणता थेट वस्तूचा भाव विचारला, तर दुकानदाराच्या कपाळावर आठी उमटते. कारण त्याच्या लेखी तो दुकानातला नोकर नसतो, आलेल्याचे स्वागत करणारा यजमान असतो. जर्मनीत डॉक्टरांच्या प्रतीक्षाकक्षात प्रवेश करणारा तेथे बसलेल्या सर्व अनोळखी रुग्णांना मिळून एकदा अभिवादन करतो आणि मग गप्प बसतो. थोडक्यात, अनोळखी माणसाशी कसे वागावे याचे उत्तर प्रत्येक समाजाने आपल्या इतिहासातून घडवले आहे. मग आपले उत्तर काय, असा प्रश्न आपण स्वतःला विचारायला हवा.

आपल्या भाषेत ‘प्लीज’ला रोजच्या वापरातला प्रतिशब्द नाही, ही गोष्ट खरी. ‘कृपया’ हा शब्द फलकांवर आणि उद्घोषणांत राहतो. घरात कुणी ‘कृपया मीठ वाढा’ म्हणत नाही. परंतु म्हणून मराठी उद्धट ठरत नाही. मराठीची नम्रता स्वतंत्र शब्दात नसून क्रियापदात वसते. ‘दे’, ‘द्या’, ‘द्याल का’, ‘जरा देता का’ या पायऱ्या चढताना विनंती आपोआप मऊ होत जाते. निरोप घेताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जेवून उठणारा ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणतो. म्हणजे ऋण फेडल्याचा हिशेब न मांडता आशीर्वाद देतो. मुंबईच्या लोकलमध्ये तिघांच्या बाकावर चौथ्याला जागा हवी असते, तेव्हा तो हाताने किंचित खूण करतो आणि बसलेले तिघे सरकतात. विनंतीचा शब्द नाही, आभाराचाही नाही. तरीही दिवसभर थकलेल्या माणसाला दिलेली ती वीतभर जागा कोणत्याही औपचारिक शब्दाहून कमी मोलाची नसते.

आपल्या सौजन्याचा दुसरा आधार म्हणजे नाते. रिक्षावाला काका, भाजीवाली मावशी, वाटेत पत्ता सांगणारा दादा, रांगेत पुढे उभी असलेली ताई. अनोळखी माणसाला अनोळखी न ठेवता एखाद्या नात्यात बसवून घ्यायचे, ही या भूमीची रीत आहे. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ रोजी शिकागोच्या सर्वधर्म परिषदेत सर्वस्वी परक्या श्रोत्यांना भगिनी आणि बंधू म्हणून संबोधले आणि सभागृह टाळ्यांनी दुमदुमले, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्या संबोधनामागे हीच रीत होती. आपल्या खेड्यांत आजही वाटसरूला ‘रामराम पाव्हणं’ म्हणतात, ओसरीवर बसवतात, गूळपाणी देतात आणि मग विचारतात, ‘कोणत्या गावचं म्हणायचं?’ पाश्चात्त्य माणसाला हा प्रश्न खासगी आयुष्यात डोकावणारा वाटेल. आपल्याकडे तो दुवा शोधण्याचा प्रयत्न असतो. त्या गावात कुणाची तरी बहीण दिलेली असते, कुणाचा तरी मामा असतो आणि दोन वाक्यांत परका माणूस पाहुणा होतो.

येथवरचे चित्र सुखावणारे आहे. पण दुवा शोधणाऱ्या त्याच प्रश्नाला एक काळी बाजूही आहे. ‘गाव कोणते?’ यानंतर ‘आडनाव काय?’ हा प्रश्न येतो आणि अनेकदा आडनाव कळल्यावर आवाजाचा सूर बदलतो. नात्यावर उभे असलेले सौजन्य नात्याच्या कक्षेबाहेर कोणाला ठेवते, हे तपासल्याविना त्याचा गौरव पुरा होत नाही.

मराठी माणसाला अनोळखी व्यक्तीशी बोलताना पहिल्याच वाक्यात एक निवड करावी लागते : ‘तू’ की ‘तुम्ही’? इंग्रजी बोलणाऱ्यावर ही वेळ येत नाही. आपल्याला मात्र समोरच्याचे मोजमाप घेतल्याविना क्रियापदच पूर्ण करता येत नाही. हे मोजमाप आपण कशाने घेतो? वयाने घ्यावे, अशी आपली शिकवण आहे. प्रत्यक्षात ते कपड्यांनी, चपलांनी, हातातल्या पिशवीने घेतले जाते. सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवर इस्त्रीचा सदरा घातलेल्या तरुणाला ‘बोला साहेब’ म्हटले जाते आणि त्याच्या मागे उभ्या असलेल्या साठीच्या शेतकऱ्याला ‘ए बाबा, कागद आण’ असे ऐकावे लागते. गृहसंकुलाच्या फाटकावरील पहारेकऱ्याचे केस पिकलेले असतात. पण बारा वर्षांचा मुलगा सायकल थांबवून ‘अरे वॉचमन, बॉल दे’ असे ओरडतो आणि बाल्कनीत उभ्या असलेल्या त्याच्या आईवडिलांना त्यात वावगे काही वाटत नाही. शाळेत तोच मुलगा बाईंना ‘थँक यू’ म्हणायला चुकत नाही. म्हणजे त्याला मॅनर्स नाहीत असे नाही. ते कुणासाठी असतात, एवढेच तो आपल्याकडून शिकला आहे.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. ‘तू’ हा शब्द स्वतः अपमानकारक नाही. आईला आपण ‘तू’ म्हणतो, विठ्ठलालाही ‘तू’ म्हणतो. मालवणी आणि कोंकणी बोलींत एकेरी संबोधन मोकळेपणाने वावरते आणि त्यात कुणाचा मान कमी होत नाही. जो ‘तू’ दोन्ही बाजूंनी चालतो, तो प्रेमाचा. जो एकाच बाजूने चालतो आणि ज्याला परत ‘तू’ म्हणण्याची मुभा समोरच्याला नसते, तो मात्र सत्तेचा असतो.

अभिवादन ही किरकोळ बाब आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी आपल्या इतिहासाची काही पाने उलटावीत. १७७९ साली मुंबईतील ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने सोनार समाजाच्या प्रमुखाला लेखी आदेश देऊन त्या जातीतील लोकांनी ‘नमस्कार’ हे अभिवादन वापरू नये, अशी बंदी घातली. ‘नमस्कार’ हा ब्राह्मणांचा अधिकार मानला जात होता आणि सोनारांनी तो वापरणे हे त्या अधिकारावरील अतिक्रमण ठरले होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या लेखनात या प्रकरणाची नोंद घेतली आहे. एखाद्या माणसाने दोन हात जोडून कोणता शब्द उच्चारावा, यावर सरकारी हुकूम निघत होता! महार समाजाच्या वाट्याला तर ‘जोहार’ आला होता. तो घालताना वाकावे लागे आणि तो एकाच दिशेने घातला जाई. विसाव्या शतकात ‘जय भीम’ हे अभिवादन रूढ झाले. त्याचे श्रेय कामठीचे बाबू हरदास यांना दिले जाते. हे अभिवादन दोन्ही बाजूंनी सारखेच उच्चारले जाते, यात त्याचे मर्म आहे. ज्यांना वाकून जोहार घालावा लागत होता, त्यांनी ताठ मानेचे अभिवादन का स्वीकारले, हे समजून घेण्यासाठी वेगळ्या पांडित्याची गरज नाही.

हा पेच जगात इतरांनाही पडला आणि त्यांनी तो आपापल्या परीने सोडवला. सतराव्या शतकात इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांनी ईश्वरासमोर सारे सारखे या भूमिकेतून सरदारालाही एकेरी संबोधण्यास आणि त्याच्यासमोर टोपी न काढण्यास सुरुवात केली. त्यासाठी त्यांनी मार खाल्ला, तुरुंगवासही भोगला. गंमत अशी की, पुढे इंग्रजीतून लोपले ते एकेरी सर्वनामच. आदरार्थी ‘यू’ राजापासून रंकापर्यंत सर्वांचे झाले. स्वीडनने उलटी वाट धरली. तेथे माणसाला त्याच्या पदाने संबोधण्याची जुनी रीत इतकी गुंतागुंतीची होती की, साधा प्रश्न विचारणेही अवघड जाई. १९६७ साली तेथील वैद्यकीय प्रशासनाचे प्रमुख ब्रोर रेक्सेड यांनी जाहीर केले की, ते सर्व कर्मचाऱ्यांना ‘दू’ म्हणजे ‘तू’ म्हणतील आणि कर्मचाऱ्यांनीही त्यांना तसेच संबोधावे. बदलाची हवा आधीच वाहत होती. थोड्याच वर्षांत सारा देश एकमेकांना ‘तू’ म्हणू लागला. एका समाजाने सर्वांना वर उचलून समता आणली, दुसऱ्याने सर्वांना एका सतरंजीवर बसवून.

यांपैकी कुणाचेही अनुकरण करण्याची आपल्याला आवश्यकता नाही, कारण आपल्याकडे स्वतःचे उत्तर आहे. आषाढीच्या वारीत चालणारा कुणीही अनोळखी माणूस ‘माउली’ असतो. पाणी वाटणारा माउली, पाणी पिणाराही माउली. गर्दीत धक्का लागला तरी तोंडून शब्द येतो तो ‘माउली’च. दोन वारकरी भेटले की वय, जात, शिक्षण न विचारता एकमेकांच्या पाया पडतात. नमस्कार घेणारा आणि करणारा असे दोन पक्ष तेथे राहतच नाहीत. ‘आडनाव काय?’ हा प्रश्न तेथे विचारण्याआधीच निरर्थक ठरलेला असतो. हे संबोधनही नात्याचेच आहे, परंतु हे नाते शोधावे लागत नाही. ते आधीच मान्य केलेले असते. आपल्या परंपरेने अनोळखी माणसाला दिलेले हे सर्वांत उंच आसन आहे. खंत एवढीच की, वारी संपवून घरी परतल्यावर ‘माउली’ पंढरपुरातच राहते आणि फाटकावर पुन्हा ‘अरे वॉचमन’ सुरू होते.

आजच्या शहरात या प्रश्नाची धार अधिक तीव्र झाली आहे. गावात माणूस नात्याने किंवा नावाने ओळखला जाई. शहरात तो कामाने ओळखला जातो. दिवसातून चार वेळा दारात येणाऱ्या, मोबाइलवर नाव झळकूनही बिनचेहऱ्याच्या राहिलेल्या तरुणाला आपण ‘डिलिव्हरीवाला’ म्हणतो. तिसऱ्या मजल्यावर जिना चढून, भिजत, घामेजत आलेल्या त्या तरुणाला पाणी विचारणारी घरे किती? कित्येक इमारतींमध्ये घरकाम करणाऱ्या महिलांनी आणि सामान पोहोचवणाऱ्यांनी वेगळ्या उद्वाहकातूनच जावे, असा नियम आहे. ‘भैया’ हा मुळात भावाला उद्देशून असलेला शब्द. परप्रांतातून पोटासाठी आलेल्या श्रमिकाला तो आपण ज्या सुरात म्हणतो, त्या सुरात भाऊ उरलेला नसतो. नात्याचा शब्द शिल्लक आणि नाते मात्र नाहीसे, अशी ही अवस्था आहे.

कुणी म्हणेल, शब्दांनी काय होणार? ‘मावशी’ म्हणायचे आणि आजारपणातील रजेचे पैसे कापायचे, हाच अनुभव असेल तर ‘अहो मावशी’ म्हणूनही काय उपयोग? आक्षेप रास्त आहे. आदरार्थी शब्द हा रास्त वेतनाचा, सुट्टीचा, बसायला दिलेल्या खुर्चीचा पर्याय होऊ शकत नाही. पण अनुभव असेही सांगतो की, ज्याला आपण मनापासून ‘तुम्ही’ म्हणतो, त्याला कोपऱ्यातल्या वेगळ्या कपातून चहा देताना हात अडखळतो. भाषेने माणसाला एकदा समोर बसवले की, व्यवहारात त्याला दाराबाहेर उभे ठेवणे जड जाते. समरसता हा व्यासपीठावरून उच्चारण्याचा शब्द आहेच. पण तिची रोजची कसोटी घराच्या उंबरठ्यावर, एका सर्वनामात लागते.

म्हणून सुरुवात घरापासून करावी. कचरा नेणारे काका, लादी पुसणाऱ्या ताई, रखवालदार, रिक्षाचालक यांना घरातल्या सर्वांनी ‘अहो’ म्हणावे आणि त्यांचे नाव माहीत करून घ्यावे. मुलांना ‘थँक यू’ शिकवायला हरकत नाही, परंतु त्याआधी वयाने मोठ्या असलेल्या प्रत्येकाला, मग तो कोणतेही काम करीत असो, ‘तुम्ही’ म्हणण्याची सवय लावावी. घरोघरी संपर्कासाठी जाणाऱ्या कार्यकर्त्यांनी फाटकावरील पहारेकऱ्यालाही आधी नमस्कार करावा. बैठकीत मांडायच्या विचारांचा अर्धा भाग तेथेच सांगून होईल. या कशालाही पैसे लागत नाहीत. लागते ती थोडी सावधानता, कारण ‘अरे’ हा शब्द फार सहज सुटतो.

अनोळखी माणसाकडे पाहून हसावे की नाही, हे प्रत्येक समाज आपल्या स्वभावानुसार ठरवील. आपण हसलो नाही, म्हणून असभ्य ठरणार नाही. मात्र आपल्यासाठी राबणाऱ्या माणसाला आपण कोणत्या सर्वनामाने हाक मारतो, यावरून आपली मुले समाज म्हणजे काय ते शिकत असतात, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे. पुढच्या वेळी दाराची घंटा वाजेल, तेव्हा दार उघडणाऱ्या मुलाच्या तोंडून ‘आई, तो कचरेवाला आलाय’ असे येते की ‘आई, कचरा न्यायला काका आलेत’ असे, एवढे आपण लक्ष देऊन ऐकावे.