पेढी पत्र्याच्या खेळण्यांची

पत्र्याच्या चावीच्या खेळण्यांचा इतिहास बहुधा कारखानदारांच्या नावांनी लिहिला जातो. तो माल समुद्रापार नेऊन खपवणाऱ्या पेढ्या मात्र विस्मृतीत गेल्या. न्यूयॉर्कची जॉर्ज बोर्गफेल्ट आणि कंपनी ही त्यांपैकी एक मोठी पेढी. स्थापना १८८१ सालची.

आडतीचा धंदा जाणणाऱ्या वाचकांस तिची रीत परकी वाटणार नाही. युरोपातील कारखान्यांतून नमुने आणावेत, अमेरिकन दुकानदारांस दाखवावेत, मागणी नोंदवून माल मागवावा. मागणी आणि माल यांच्यामध्ये महिनोन्‌महिने आणि अख्खा अटलांटिक महासागर! नाताळ उलटून गेल्यावर पोहोचलेले खेळणे घेणार कोण? सारी भिस्त वेळेवर आणि शब्दावर.

जर्मनीतील न्यूरेंबर्ग हे या मालाचे माहेरघर. सपाट पत्र्यावर आधी रंगीत छपाई, मग ठशाने कापणी. एका तुकड्याची जीभ दुसऱ्याच्या फटीत घालून वाकवली की डाग न देताही जोड पक्का. पेढीने ‘निफ्टी’ या स्वतःच्या छापेखाली असा माल विकला. १९२२ च्या सुमाराची तिची टूनरव्हिल ट्रॉली, म्हणजे व्यंगचित्रमालिकेतील खिळखिळी ट्राम, संग्राहक आजही शोधत असतात.

१९१४ साली महायुद्ध पेटले आणि ब्रिटिश नाकेबंदीने जर्मन मालाची वाट अडवली. अमेरिकेच्या बाजारात जपानी खेळण्यांची आवक वाढली ती तेव्हापासून. एकाच बंदरावर विसंबणे किती महाग पडते, हे त्या वर्षांत अनेक आयातदारांना कळले.

१९३० साली वॉल्ट डिस्नेच्या संस्थेने मिकी माऊसच्या वस्तूंचा परवाना याच पेढीला दिला. असा सौदा पदरात पडावा आणि तो मुठीत राहू नये! काही मालाच्या दर्जावर डिस्ने बंधू नाराज झाले. १९३२ साली परवान्यांचा कारभार के केमन या जाहिरातदाराकडे गेला. मला यात पेढीचीच कसूर दिसते. दुसऱ्याचे चित्र आपल्या मालावर छापले, की माल बिघडल्यास साख दोघांची जाते. त्यातील एकाला ते खपले नाही.

१८९० च्या अमेरिकन कायद्यामुळे आयात मालावर मूळ देशाचे नाव असणे बंधनकारक झाले होते. म्हणून जुन्या खेळण्यावर ‘जर्मनी’ किंवा ‘जपान’ सापडते. आयातदाराची ओळख पुष्कळदा केवळ खोक्यावर असे, आणि खोके तर मुलांनी पहिल्याच दिवशी फाडलेले. आज लिलावात खोक्यासकट खेळण्याला चढी किंमत मिळते.