क्षारांचा जमाखर्च

पुण्या-नाशिकच्या ज्या उपनगरांत महापालिकेचा नळ पोहोचण्यापूर्वीच गृहसंकुले उभी राहतात आणि रहिवाशांची सारी भिस्त बोअर व टँकर यांच्यावर असते, तेथे गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढणे, साबणाला फेस न येणे आणि कुकरच्या शिट्ट्यांमागून शिट्ट्या होऊनही तुरीची डाळ अर्धकच्ची राहणे या तक्रारींना अंत नसतो. आणि त्यांवरील इलाज म्हणून साऱ्या इमारतीच्या पाण्यासाठी सॉफ्टनर बसविण्याचा ठराव सोसायटीच्या सभेत बहुधा चर्चेवाचूनच मंजूर होतो. यंत्र वाईट नाही. ही घाई मात्र मला मान्य नाही.

पाण्याचे काठिण्य कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे येते. त्यांतील बायकार्बोनेटे तापविल्याने साक्याच्या रूपाने बाहेर पडतात, गिझरमधला थर तो हाच. सल्फेटे व क्लोराइडे मात्र उकळूनही पाण्यातच राहतात. तुरटीने गढूळपणा निवळतो, काठिण्य तसूभरही हटत नाही. सॉफ्टनरमधील रेझिनचे बारीक मणी हे क्षार धरून ठेवतात व त्यांच्या मोबदल्यात सोडियम सोडतात, आणि त्यांची शक्ती संपली की मिठाच्या दाट द्रावणाने धुऊन त्यांना पूर्ववत करावे लागते. या विद्येचा आरंभ झिओलाइट नामक खनिजवर्गापासून झाला; आणि ज्या दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपताना आपले पाणी कठीण होते, त्याच पाषाणाच्या पोकळ्यांत सापडणारे झिओलाइटचे स्फटिक जगभरच्या संग्रहालयांत मिरवावेत, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो.

तेव्हा क्षार नाहीसे होत नाहीत, केवळ एका खात्यातून दुसऱ्यात वर्ग होतात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचे एकूण प्रमाण, मोजून पाहिल्यास आकडा जवळजवळ तोच येतो. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्याचे काठिण्य लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत स्वीकारार्ह आणि अन्य स्रोत नसल्यास 600 पर्यंत चालण्याजोगे आहे, तर जागतिक आरोग्य संघटनेने आरोग्याच्या कारणावरून त्यास मर्यादाच घातलेली नाही. उलट 500 मिलिग्रॅम काठिण्य पूर्णपणे काढल्यास त्याच लिटरात सुमारे 230 मिलिग्रॅम सोडियम येते, आणि ज्यास वैद्यांनी रक्तदाबापायी मीठ तोडावयास सांगितले आहे त्याच्या पेल्यात ते कोणाच्याही ध्यानी न येता उतरते. डाळीपुरता चिमूटभर खाण्याचा सोडा पुरतो. त्यासाठी स्वयंपाकघराचा नळ या यंत्राला जोडण्याचे कारण नाही.

याहून दुर्लक्षित बाब म्हणजे मणी धुतलेले खारे पाणी. ते गटारात जाते, किंवा काटकसरीच्या सद्हेतूने बागेत सोडले जाते. काळ्या मातीत सोडियम साचले की तिचे सूक्ष्म कण सुटे होऊन छिद्रे बुजतात व पाणी मुरेनासे होते. चोपण झालेली अशी जमीन सांगली-कोल्हापूरकडील उसाच्या शेतकऱ्याला चांगली परिचित आहे, आणि ती सुधारण्यासाठी तो जिप्सम विकत आणून घालतो, म्हणजे शहरवासी पदरमोड करून जे कॅल्शियम पाण्यातून काढतो तेच.

सबब सॉफ्टनरचे पाणी गिझर, न्हाणीघर व धुलाईयंत्र यांपुरतेच राहावे, आणि स्वयंपाकघर व बाग यांस मूळचेच पाणी मिळावे, अशी तजवीज हवी. जुन्या इमारतीत ही फेरजोडणी खर्चाची आहे हे खरे. परंतु नव्या इमारतींचे नकाशे मंजूर करतानाच दोन स्वतंत्र जलवाहिन्यांची अट घालणे महापालिकांना मुळीच जड जाऊ नये.