हाताची घडी, तोंडावर बोट

लेक्चर संपताना सर विचारतात, ‘एनी डाउट्स?’ आणि अख्खा वर्ग चिडीचूप. तुमच्याही कॉलेजात हेच होतं ना? मला विचाराल तर याचं मूळ पहिली-दुसरीच्या वर्गात आहे.

आठवा जरा. बाई ऑफिसात गेल्या की मॉनिटर खडू घेऊन फळ्यापाशी उभा. बोलणाऱ्यांची नावं लिहायची, पुन्हा बोललं की नावापुढे फुली. कुणी शेजाऱ्याला गणित समजावत होतं की खोड्या काढत होतं, याच्याशी फळ्याला देणंघेणं नाही. (आणि मॉनिटरच्या जिगरी दोस्ताचं नाव कधी फळ्यावर आलंय?) सात वर्षांच्या पोराला यातून एवढंच कळतं की बोलणं हा गुन्हा आणि चुगली ही जबाबदारी.

२००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली. छडी बऱ्यापैकी गेली; फळ्यावरची यादी राहिली.

नियमच नकोत असं नाही. चाळीस पोरं एकदम ओरडली तर बाईंचं डोकं उठणारच. पण साताऱ्यातल्या कुमठे बीटच्या जिल्हा परिषद शाळा ज्ञानरचनावादासाठी नावाजल्या, त्या मुलांना गटात बसवून, एकमेकांशी बोलू देऊनच. बोलणं हाच तिथे अभ्यास.

तुमच्यातले काही जण उद्या डीएड करून वर्गावर उभे राहाल. मॉनिटरच्या हाती खडू जरूर द्या. फक्त फळ्यावर वरती लिहून ठेवा, ‘आज कुणी काय विचारलं?’