बसलेला आवाज

आगोटीचे दिवस आले कीं कोंकणांतील घरांतून चार महिन्यांची बेगमी सुरू होते. लोणचीं घालतात, कौलें परतून घेतात, छत्र्यांच्या मोडलेल्या काड्या बसवून आणतात. परंतु या तयारींत एका वस्तूची आठवण क्वचितच होते, आणि पाऊस लागला कीं नेमकी तीच कुरकुरूं लागते. ती वस्तु म्हणजे स्मार्टफोन. रत्नागिरीस पावसाळ्याच्या चार महिन्यांत सरासरीनें तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्यांत मिठाचा अंश असतो. आणि फोन तर खिशांत, उशाशीं, स्वयंपाकघरांतील ओट्यावर असा सर्वत्र वावरत असतो. अशा हवेंत त्याचा आवाज बसला तर नवल नाहीं.

घरांतील तरुण मंडळी यावर तत्काळ उपाय सुचवितात कीं, 'नवा घ्या.' परंतु ज्या घरीं मुलगा पुण्यास, मुलगी अमेरिकेंत आणि वृद्ध आईबाप रत्नागिरीस अशी स्थिति आहे, तेथें हा प्रश्न केवळ पैशाचा राहत नाहीं. आठवड्यांतून एकदोनदां कानीं पडणारा नातवंडांचा आवाज हाच तेथील मोठा विसावा असतो. तो अस्पष्ट झाला कीं 'आतां माझेच कान गेले' असें म्हणून आई फोन मुकाट्यानें बाजूस ठेवते. पुनःपुन्हां 'काय म्हणालास?' असें विचारण्याचा तिला संकोच वाटतो. दोष यंत्राचा कीं कानांचा, हें ठरविण्यापूर्वीं नवा फोन आणणें म्हणजे नाडी न पाहतां औषध देण्यासारखें आहे.

ही परीक्षा अगदीं सोपी आहे. आईच्या फोनवरील बोलणें घरांतील दुसऱ्या कोणी ऐकावें, आणि आईनें दुसऱ्याच्या फोनवरून ऐकावें. तिच्या फोनवर दोघांसहि अस्पष्ट ऐकूं आलें तर दोष फोनचा. दोन्ही फोनांवर तिलाच तेवढें अस्पष्ट ऐकूं आलें, तर दुकानाची वाट न धरतां कानाच्या डॉक्टरांकडे जावें. अशा वेळीं कितीहि महाग फोन आणला तरी तो व्यर्थच होय.

दोष फोनचाच ठरला तर त्याची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. फोनांत बहुधा दोन स्पीकर असतात. वरच्या बाजूचा लहान स्पीकर कानाशीं धरून ऐकण्याचा व खालचा मोठा स्पीकर घंटी, गाणीं इत्यादींचा. घंटी खणखणीत वाजते, पण बोलणें ऐकूं येत नाहीं, असें असेल तर वरच्या स्पीकरवर संशय घ्यावा. कानाला इअरफोन लावून आवाज स्वच्छ येत असेल, तर दोष स्पीकरचा किंवा त्याच्या वाटेंतील अडथळ्याचा. गाणीं चांगलीं वाजतात आणि बोलणें तेवढें तुटतें, असें असल्यास दोष पुष्कळदां कंपनीच्या लहरींचा असतो; तो घराच्या गच्चीवर किंवा अंगणांत जाऊन पाहतां येतो. फोन ब्ल्यूटूथनें दुसऱ्याच यंत्राशीं जोडलेला नाहीं ना, आवाज कोणी बंद केलेला नाहीं ना, हेंहि पाहावें. आणि एकदां फोन बंद करून पुन्हां सुरू करावा. कित्येक रोग्यांस एवढ्यानेंच गुण येतो.

स्पीकरचें तत्त्व जुनेंच आहे. लोहचुंबकाच्या क्षेत्रांत तारेचें एक वेटोळें असतें. त्यांतून विद्युत् वाहूं लागली कीं तें हलतें, आणि त्याला जोडलेला पातळ पडदा हवेस कंप देतो. राइस आणि केलॉग या अमेरिकन संशोधकांनीं १९२५ सालीं या पद्धतीचा स्पीकर जगापुढें मांडला. आज तोच नखाएवढा होऊन फोनांत बसला आहे. त्याच्या तोंडावरील बारीक जाळींत धूळ, कानांतील मळ, घाम किंवा पाणी सांचलें कीं कंपास वाट मिळत नाहीं. म्हणून प्रथम मऊ, कोरड्या ब्रशानें जाळी हलक्या हातानें झाडावी. सुई किंवा टांचणी खुपसूं नये. पडदा फाटला तर झाडून साफ होणारा दोष कायमचा होतो. फोन भिजल्यास तो तांदुळांत पुरण्याची चाल पडली आहे. पण तांदुळाचे बारीक कण आंत जाऊन इजा होते, असा इशारा ॲपलसारख्या कंपनीनेंच २०२४ सालीं दिला आहे. फोन बंद करावा, पुसावा, जाळी खालीं करून मोकळ्या हवेंत सुकवावा. पूर्ण सुकेपर्यंत चार्जर लावूं नये.

एवढ्यानें न भागल्यास दुरुस्ती करणाऱ्याकडे जावें. स्पीकर हा फोनचा तुलनेनें स्वस्त भाग आहे. देण्यापूर्वीं छायाचित्रें व पत्ते यांची नक्कल काढून ठेवावी, सिमकार्ड काढून घ्यावें, कुलुपाचा आंकडा सांगूं नये. घातलेल्या भागाची हमी लेखी घ्यावी. एकदां उघडलेला फोन पूर्वींइतका पाण्यास दाद न देणारा राहीलच असें नाहीं, हेंहि ध्यानांत ठेवावें.

मग नवा फोन घ्यावा तरी केव्हां? बॅटरी फुगली असेल तर त्या फोनचा वापर तत्काळ थांबवावा. ती बदलतां न आल्यास नवा घ्यावा. खाऱ्या हवेनें आंतील मुख्य पाटी गंजली असेल, किंवा कंपनीनें सुरक्षेच्या सुधारणा पाठविणें बंद केलें असेल आणि त्याच फोनवरून बँकेचे व्यवहार होत असतील, तेव्हां मोह सोडावा. एरव्हीं कल्हई उडाली म्हणून पितळेचें पातेलें फेंकून देणारी गृहिणी आपल्याकडे कधीं नव्हती. दुरुस्तीचा हक्क आतां सरकारेंहि मानूं लागलीं आहेत. आपल्या केंद्र सरकारनें २४ डिसेंबर २०२२ रोजीं यासाठीं 'राइट टु रिपेअर' हें संकेतस्थळ सुरू केलें. युरोपीय संघानें २० जून २०२५ पासून, फोनची विक्री थांबल्यावरहि सात वर्षें त्याचे महत्त्वाचे सुटे भाग पुरविण्याचें बंधन कंपन्यांवर घातलें आहे.

नवा घ्यावाच लागला, तर जुना केरांत टाकूं नये. ई-कचरा स्वीकारणाऱ्याकडे द्यावा. आणि वृद्धांसाठीं घेतला असेल तर अक्षरांचा आकार, घंटीचा सूर, नातवंडांचीं छायाचित्रें हीं सारीं पूर्वींच्याच ठिकाणीं ठेवून, चार दिवस त्यांच्याजवळ बसून तो शिकवावा. सुटीपुरतें घरीं आलेल्या मुलांस जातांना एवढें करून जाणें अवघड नाहीं.