भरतीच्या मैदानाकडे निघालेल्या मुलामुलींना

पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटरला २०, शंभर मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. मुलींना सोळाशेच्या जागी आठशे, बाकी वाटणी तीच. हा हिशेब तयारी करणाऱ्या कुणालाही झोपेतून उठवून विचारला तरी सांगता येतो. पण पहाटे गावाबाहेरच्या डांबरी रस्त्यावर धावणाऱ्या पोरांना थांबवून विचारा, काय चाललंय? उत्तर ठरलेलं: ‘रोज सोळाशे मारतोय, टायमिंग लावून.’ ज्या दोन प्रकारांत ३० गुण आहेत, ते शंभर मीटर आणि गोळा आठवड्यातून एखाद्या वेळी. तेही मैदानावर गोळा असला तर.

भरती कशी काढायची हे सांगणाऱ्या अकॅडम्या तालुक्यातालुक्यात आहेत, त्यात माझी भर नको. मला बोलायचंय ते रोज जीव तोडून धावायच्या सवयीबद्दल. तिच्यापायी गुण जातात, नडग्या जातात आणि एखाद्या घरातलं पोरही जातं. २०१४ च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत पाच किलोमीटर धावताना काही उमेदवार कोसळून दगावले. पुढे ते अंतर कमी झालं. २०२४ मध्ये झारखंडात उत्पादन शुल्क शिपायांच्या भरतीला एका तासात दहा किलोमीटर धावायचं होतं, तिथे दहाच्या वर उमेदवार गेले. त्याच वर्षी जूनमध्ये आपल्याकडे महाराष्ट्रातही धावताना कोसळून उमेदवाराचा मृत्यू झाला. ही सगळी तरुण पोरं होती.

चूक पोरांची, असं मी म्हणणार नाही. महाराष्ट्र पोलिसांच्या २०२४ च्या भरतीत सतरा हजारांच्या आसपास जागा होत्या आणि अर्ज सतरा लाखांच्या वर. एका जागेमागे शंभर जण. मैदानात निम्मे गुण पडले तरी लेखीला एका जागेमागे दहाच बोलावतात, म्हणून अर्ध्या गुणासाठीही झगडा असतो. जाहिरात कधी येईल ते कुणाला माहीत नसतं. ती आली की वर्षभर थंड पडलेली पोरं दोन महिन्यांत शरीर बनवायला निघतात. इथेच घोळ होतो. फुप्फुसं आणि काळीज लवकर तयार होतात, चार-सहा आठवड्यांत दम वाढल्याचं जाणवतं. हाडं आणि स्नायुबंध मात्र महिनोन् महिने घेतात. दम म्हणतो पळ आणि नडगी म्हणते थांब, तेव्हा बहुतेक जण दमाचं ऐकतात.

आता वेळेकडे या. मुलांना पूर्ण २० गुण हवेत तर सोळाशे ५ मिनिटं १० सेकंदांत संपवावं लागतं. म्हणजे चारशे मीटरचा राउंड साडेसत्याहत्तर सेकंदांत, असे चार. मुलींना आठशेसाठी २ मिनिटं ५० सेकंद, म्हणजे राउंड ८५ सेकंदांचा. हा वेग रोज पूर्ण अंतर पळून येत नाही. आठवड्यातले बहुतेक दिवस सोबत्याशी गप्पा मारता येतील इतक्या सावकाश तीन-चार किलोमीटर धावा. लाज वाटेल इतकं हळू वाटलं, तरी दम त्यानंच वाढतो. आठवड्यातून दोनदा, लागोपाठ नव्हे, तुकडे पाडून जोरात धावा: चारशेचे पाच-सहा राउंड, हव्या त्या वेगानं, मध्ये दोन-तीन मिनिटं चालत विश्रांती. पूर्ण सोळाशे घड्याळ लावून दोन-तीन आठवड्यांतून एकदा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण सुट्टी. व्यायामानं शरीर झिजतं आणि झोपेत, विश्रांतीत ते आधीपेक्षा घट्ट भरून येतं. भरून यायला वेळच दिला नाही, तर नुसती झीज उरते. अगदी नवीन असाल तर पहिले पाच-सहा आठवडे चालणं आणि धावणं आलटून पालटून करा. टायमिंगचं स्टेटस मोबाइलवर टाकायची हौस तोवर आवरा.

नडगी दुखणं ही भरतीच्या पोरांची ठरलेली तक्रार. दोन्ही नडग्यांच्या आतल्या बाजूला लांबवर दुखत असेल आणि पाय गरम झाल्यावर कमी होत असेल, तर धावणं निम्म्यावर आणा, डांबर सोडून मातीवर या, पोटऱ्यांचे व्यायाम करा. काही आठवड्यांत उतरतं. पण बोट ठेवून दाखवता येईल अशा एकाच जागी हाड दुखत असेल, एका पायावर उडी मारली की कळ येत असेल किंवा रात्री पडल्यावरही ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका धरा. सुरुवातीचे काही आठवडे तो साध्या एक्स-रेत दिसतही नाही. ‘एक्स-रे नॉर्मल आलाय, पळ’ असं कुणी सांगितलं तरी दुखतंय तोवर पळू नका. सहा-आठ आठवडे थांबलात तर हाड जुळतं. रेटलंत तर मोडू शकतं. त्या काळात सायकल आहे, पोहणं आहे, बसून करायचे हातांचे व्यायाम आहेत. आणि गोळा आहे.

गोळा मुलांना ७.२६० किलोचा आणि मुलींना ४ किलोचा. पूर्ण गुणांसाठी मुलांना साडेआठ मीटर आणि मुलींना सहा मीटर लागतात. बरीच मुलं तो क्रिकेटच्या चेंडूसारखा हात मागे नेऊन फेकतात. त्यानं गोळा लांब जात नाही, खांदा आणि कोपर मात्र कामातून जातात. गोळा मानेला टेकवून ढकलायचा असतो आणि जोर येतो तो पायांतून, कमरेतून. हात शेवटी कामाला येतो. तंत्र जाणणारा क्रीडाशिक्षक गाठा. जवळच्या शाळेत असा एखादा सर किंवा मॅडम आहेत का ते पाहा; मनापासून विचारलंत तर कदाचित पैसे न घेताही शिकवतील. महिना-दोन महिन्यांच्या सरावात दोन-तीन गुण इथे निघतात. तेच गुण सोळाशेत मिळवायला किती घाम गाळावा लागतो ते तुम्हाला माहीत आहे. शंभर मीटरचंही तसंच: सुरुवात आणि पहिली तीस पावलं वेगळी शिकावी लागतात. आणि वॉर्मअप न करता सुसाट सुटलात तर मांडीची मागची शीर तिथेच धरते.

आता इंजेक्शनांबद्दल. गेल्या काही भरत्यांत मैदानाच्या आसपास सुया आणि बाटल्या सापडल्याच्या बातम्या आल्या. जिमच्या नादानं मेफेंटरमाइन पोरांपर्यंत पोहोचलंय. शस्त्रक्रियेत भूल दिल्यावर उतरलेला रक्तदाब वर आणायला डॉक्टर ते वापरतात. ते घेऊन जोरात धावणं म्हणजे काळजाला दोन्हीकडून चाबूक. दुखू नये म्हणून धावण्याआधी मारलेलं वेदनाशामकही साधं नाही. अंगातलं पाणी कमी असताना ते मूत्रपिंडावर येतं. फार दमल्यावर किंवा पडल्यावर लघवी चहासारखी किंवा कोलासारखी गडद झाली, तर स्नायू फुटून त्यांतलं द्रव्य मूत्रपिंडात अडकू लागल्याची ती खूण असू शकते. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पावडरीच्या डब्यावर आई-बापाचे दोन-तीन हजार घालवायची गरज नसते. पोटाला दोन वेळचं नीट जेवण, त्यात डाळ किंवा उसळ, रोज दोन अंडी, मूठभर शेंगदाणे किंवा फुटाणे, दूध-दही, ज्वारी-बाजरीची भाकरी. शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत पंचवीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात, एका अंड्यात सहा. साठ किलोच्या मुलाला दिवसाला सत्तर ते नव्वद ग्रॅम पुरतात. हिशेब मांडून पाहा, घरच्या डब्यात तो बसतो. अकॅडमीच्या मेसला डाळ पातळ असेल तर तक्रार करा. पैसे भरलेत तुम्ही.

मुलींशी थोडं वेगळं बोलतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांत रक्त कमी आढळलं. तुम्ही त्यांच्यातल्याच. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल, तर आठशे मीटरचा शेवटचा राउंड सुटेल आणि सगळे म्हणतील, हिच्यात दम नाही. दम आहे, लोह नाही. ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, गोळ्याही तिथेच मिळतात. गोळी चहाबरोबर घेऊ नका, जेवणानंतर लगेच चहा नको, पालेभाजीवर लिंबू पिळा. आणखी एक, जे घरी कुणी बोलत नाही: सराव वाढल्यावर पाळी तीन महिने आली नाही, तर ‘बरं झालं, कटकट गेली’ म्हणू नका. मेहनतीच्या मानानं अन्न कमी पडतंय आणि हाडं ठिसूळ होऊ लागलीत, याचा तो इशारा असू शकतो. डॉक्टरांना दाखवा.

विदर्भ, नंदुरबार, धुळे, पालघर या भागांतल्या मुलामुलींनी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराची तपासणी करून घ्यावी. एवढंच वाचून पान उलटलंत तरी चालेल. आजारी माणसाला आपला आजार बहुधा ठाऊक असतो. वाहकाला, ज्याच्या अहवालावर ‘एएस’ लिहिलेलं असतं, काहीच होत नसतं. तो शेतात राबतो, कबड्डी खेळतो. पण ऊन, अंगात पाणी कमी आणि जीव खाऊन पळणं हे तिन्ही एकत्र आलं, तर क्वचित त्याच्या लाल पेशी कोयत्याच्या आकाराच्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. पाय एकदम जातात. पायात नेहमीचा गोळा आला की पोटरी दगडासारखी घट्ट होते. इथे ती मऊच लागते आणि पोरगं शुद्धीत राहून सांगत असतं की पायात जीव नाही. ‘नाटक करतोय, उठ’ असं त्या वेळी म्हणायचं नसतं. अमेरिकेत पहिल्या श्रेणीच्या कॉलेज खेळाडूंची ही तपासणी २०१० पासून होते, ती त्यांना खेळातून काढायला नव्हे. वाहकानं पोलीस व्हावं, जरूर व्हावं. त्यानं सराव पायरीपायरीनं वाढवावा, पाणी पिऊन धावावं, उन्हात जोर करू नये आणि त्रास झाला की लागलीच थांबावं. तपासणी सरकारी दवाखान्यात मोफत होते. 

धावतानाच चक्कर येऊन पडला असाल, छातीत दुखलं असेल किंवा घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक गेलं असेल, तर ईसीजी आणि हृदयाची सोनोग्राफी करून घेतल्याशिवाय टायमिंग लावू नका. तापात धावू नका, ताप उतरल्यावरही आठवडाभर जोर नको. विषाणूचा ताप कधीकधी काळजाच्या स्नायूवर उतरतो.

उष्माघात फक्त एप्रिल-मेमध्ये होतो असा समज आहे. पण जूनच्या दमट मुंबईत घाम येतो आणि वाळत नाही, म्हणून अंग थंड होत नाही. कोरड्या हवेतल्या मुलाला तिथल्या हवेची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात, आणि भरतीला येणारा मुलगा आदल्या रात्री पोहोचतो. पुलाखाली किंवा फलाटावर चादर टाकून पडतो, डास मारत रात्र काढतो, पहाटे वडापाव खाऊन रांगेत उभा राहतो. शक्य असेल त्यानं निदान झोप मिळावी म्हणून दोन दिवस आधी जावं, नातेवाइकाकडे, गाववाल्याकडे, कुठेही; संकोच करू नये. धावताना सोबती बरळू लागला, झोकांड्या खाऊ लागला, विचित्र वागू लागला, तर तो उष्माघात समजा, अंग घामानं ओलं असलं तरीही. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट पाहत बसू नका. सावलीत घ्या, कपडे काढा, सगळ्या अंगावर गार पाणी ओता, बर्फ असेल तर लावा, वारा घाला. आधी गार करायचं, मग हलवायचं. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

अकॅडमी चालवणाऱ्यांना एक विनंती आहे. प्रवेशाच्या फॉर्मवर फीबरोबर हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि सिकलसेल अहवालाचीही जागा ठेवा. मैदानावर पाण्याची टाकी आणि बर्फाचा डबा ठेवा. दुखतंय म्हणणाऱ्या पोराला मुलांसमोर हिणवू नका.

आणि आई-वडिलांनो, पुढची जाहिरात येईपर्यंत थांबू नका. या आठवड्यात एक सकाळ काढून मुलाला, मुलीला जवळच्या सरकारी दवाखान्यात घेऊन जा आणि हिमोग्लोबिन, रक्तदाब आणि सिकलसेल या तीन तपासण्या करून घ्या.